मंगळवारी व्हेनिस

दिशा : आजी, तांदूळ न्यायचे नाहीत. चार-पाच दिवसांची ट्रिप आहे. म्हशाच्या जत्रेला बैलगाडीनं नाही चाललो आपण.

आजी : जत्रेलाही आमी चार दिवसच जायचो. तांदूळ न्यायचो, सुका जवळा न्यायचो. कोणाचं पोट बिघडलं नाय.

दिशा : जवळा? विमानात? विमान परत फिरवतील.

आजी : मस्कतला नेलाच होता की मी, मनालीच्या बाळंतपणाला. तीन पिशव्यांत बांधला, वरनं लुगडं गुंडाळलं.

दिशा : आणि मनालीआत्या अजून सांगते, विमानतळावरचा कुत्रा येऊन तुझ्या बॅगेसमोर बसला तो उठेचना.

आजी : मुकं जनावर. त्याला कळलं चांगलं काय ते.

दिशा : इटलीत पिझ्झा आहे, पास्ता आहे, भातसुद्धा मिळतो. रिसोटो म्हणतात. मऊ, गिळगिळीत असतो.

आजी : म्हणजे पेज. आजाऱ्याची पेज खायला एवढ्या लांब जायचं. बरं, मला परत सांग, तुझा बाप का येत नाय?

दिशा : तिसऱ्यांदा सांगते. पप्पांच्या दुकानानं वर्षभरात तालुक्यात सगळ्यात जास्त सिमेंट विकलं, म्हणून कंपनीनं दोन माणसांची इटलीची ट्रिप दिली. ट्रिप मे महिन्यात. आणि मे महिन्यात पावसाच्या आधी अख्खं शहापूर सिमेंट आणि पत्रे घ्यायला दुकानात येतं.

आजी : सिमेंट विकलं म्हणून बक्षीस, नि सिमेंट विकायचं म्हणून जायचं नाय. हुशार हाय कंपनी.

दिशा : मम्मीला शाळेची सुट्टी आहे, पण सरकारी ड्युटी लागलीय. रजा नाही. माझा पासपोर्ट आलाय, तुझा मस्कतचा आहे. मी सोळा वर्षांची, मला एकटीला नेणार नाहीत. म्हणजे तू हो म्हणालीस तर मी जाणार. तू नाही म्हणालीस तर तिकिटं आसनगावच्या पत्रेवाल्याला. शुक्रवारी नावं द्यायची आहेत. आज बुधवार.

आजी : तो पत्रेवाला? त्याच्या बायकोला तर गाडीत बसली की उलट्या होतात.

दिशा : मग तिला व्हेनिसमध्ये होतील. तिकडे गाड्याच नाहीत, सगळीकडे होडी. हे बघ फोटो. हा रस्ता. म्हणजे पाणी, पण रस्ताच. ही घरं. दारातून उतरलं की सरळ होडीत.

आजी : दाराला पाणी लागलंय. चौकट कुजत नाय?

दिशा : कुजते ना. म्हणून तर जायचं. दरवर्षी थोडं खचतंय ते शहर, आणि समुद्र वर येतोय. मी म्हातारी होईन तेव्हा कदाचित नसेलही. जगभरचे लोक बुडायच्या आधी बघून घ्या म्हणून जातात.

आजी : आमचं गाव धरणात जायचं होतं तेव्हा कोण आलं बघायला? एक मोजणीवाला आला. चुन्यानं आंब्यावर आकडे घातले नि गेला. बाकी कोण चिटपाखरू नाय आलं.

दिशा : तेव्हा मोबाइल नव्हते.

आजी : तुमच्या व्हेनिसवाल्यांना जमिनी कुठं दिल्या बदली?

दिशा : कुठेच नाही. ते तिथेच राहतात. पाणी चढलं की रस्त्यावर फळ्या टाकतात आणि त्यावरून चालतात.

आजी : मग बुडालं कसलं? नुसतं भिजतंय.

दिशा : पण माणसं कमी होत चाललीत. भाडी परवडत नाहीत. सगळ्या घरांची हॉटेलं झाली.

आजी : म्हणजे पाण्यानं नाय उठवलं, पाहुण्यांनी उठवलं.

दिशा : आजी, तू विषय बदलतेयस. हे बघ, मी सगळं लिहून काढलंय. तेवीसला मुंबईहून निघायचं. दोन दिवस रोम. तिथे दगड आहेत, तुला आवडतील.

आजी : दगड मला आवडतात असं कोण बोललं?

दिशा : सव्वीसला सकाळी ट्रेननं व्हेनिस. तो अख्खा दिवस टूरवाला आपल्याला मोकळं सोडतो. सत्तावीसला परत. म्हणजे व्हेनिसचा पूर्ण दिवस एकच, सव्वीस.

आजी : सव्वीसला वार कुठला?

दिशा : आजी.

आजी : मी नुसता वार विचारला.

दिशा : मंगळवार. मेचा शेवटचा मंगळवार. माहितीये मला. मी तो आकडा महिनाभर तुझ्यासमोर बोललेच नाही, म्हणून माहितीये.

आजी : मग झालं तर. दे तिकिटं त्या पत्रेवाल्याला. बायकोला आवळासुपारी दे म्हणावं.

दिशा : एक वर्ष! एकच वर्ष तू नाही गेलीस तर काय होईल? धरणाचं पाणी उतरेल, जुन्या गावाची जमीन उघडी पडेल, सगळे खाली उतरतील, देवीच्या जागेवर नारळ फोडतील आणि वर येऊन जेवतील. तुझ्याशिवायही नारळ फुटतो.

आजी : फुटतो. पण कुठं फोडायचा ते कोण सांगणार? मूर्ती आणली आमी वर, नव्या गावठाणात देऊळही बांधलं. पण देवी मूर्तीत नसते गो, जागेत असते. ती जागा सासूबाईंनी मला हात धरून दाखवली. त्या गेल्या. आता ज्याला माहीत हाय असं एकच माणूस उरलंय नि त्याला तू बोटीत बसवायला निघालीस.

दिशा : तर मग जागा मला दाखव, मी कोणाला तरी दाखवते.

आजी : कशी दाखवू? आता तिच्यावर वीस हात पाणी हाय. धरण लांब नाय, पण पाणी काय माझं ऐकतंय?

दिशा : तेच म्हणते मी! पाण्यात उतरायची गरजच नाही. दरवर्षी मी तिथे फोटो काढते ना? मोबाइल प्रत्येक फोटोबरोबर जागा लिहून ठेवतो. नकाशावर ठिपका येतो. तो ठिपका जुन्या गावच्या आपल्या विठूआजोबांना पाठवते. मंगळवारी मोबाइल हातात धरायचा आणि ठिपक्यावर जाऊन उभं राहायचं. लहान पोरही करेल.

आजी : काय गरज नाय.

दिशा : थांब, काढतेच. हा गेल्या वर्षीचा. तू वाकलीयस, नारळ हातात, मागे मुरबाडचे काका छत्री धरून. हा ठिपका. आता त्याच्या आदल्या वर्षीचा...

आजी : चहा ठेव जा. विठूभावजी येतील आता. रोज पाचला येतात.

दिशा : आजी, हा ठिपका इथे नाहीये.

आजी : बंद पडला असंल मोबाइल.

दिशा : चालू आहे. गेल्या वर्षीची जागा इथे आणि त्याच्या आदल्या वर्षीची पार इकडे. मध्ये आपलं अख्खं नवीन गावठाण मावेल. आणि त्याच्याही आदल्या वर्षीची... आजी, ही तर ओहोळाच्या पलीकडे आहे.

आजी : मोबाइल चुकतो. परवा तुझ्या बापाला कसाऱ्याला जायचं होतं, त्यानं डोळखांबला नेऊन सोडला.

दिशा : तो पप्पांनी चुकीचं गाव टाकलं म्हणून. आणि हे उपग्रहावरून येतं. थोडं चुकतं, एवढं नाही.

आजी : देवी काय उपग्रहाला विचारून बसली होती?

दिशा : त्याच्याही आधीचा ठिपका आणखी कुठे. चार वर्षं, चार जागा. आजी, माझ्याकडे बघ.

आजी : बघते.

दिशा : तुला जागा माहीत नाहीये.

आजी : हळू बोल. पडवीत कोण असंल.

दिशा : म्हणजे खरंच नाहीये!

आजी : होती गो. लख्ख माहीत होती. सुरुवातीला उंबराचं खोड दिसायचं, विहिरीचं तोंड दिसायचं, सावंतांच्या घराचा चौथरा दिसायचा. खोडापास्नं विहिरीकडे तोंड करायचं नि उजव्या हाताला बारा पावलं. शेंदूर धुऊन गेला तरी दगड असायचा. मग खोड कुजलं. चौथरा ढासळला. दरसाल गाळ चढत गेला. नि एक साल आमी उतरलो तर काय नाय. लावणीआधी चिखल करून सपाट केलेलं शेत असतं ना, तसं सगळं. अख्खं गाव कोणी फळी फिरवून पुसलेलं.

दिशा : कधी झालं हे?

आजी : तू जन्मलीस त्या साली. तू पोटात होतीस, तुझी आई काठावर बसली होती.

दिशा : सोळा वर्षं?

आजी : मी पुढं, मागं चाळीस माणसं. कल्याणवरनं आलेली, मुरबाडवरनं आलेली, रजा टाकून. पोरं उन्हानं रडतायत. कोंबडी पिशवीत फडफडतेय. सगळी माझ्या तोंडाकडे बघतायत. तिथं काय बोलणार मी, की हरवली? देवी काय बटवा हाय हरवायला? केला हात, बोलले इथं. सगळ्यांनी चपला काढल्या.

दिशा : आणि पुढच्या वर्षी तीच जागा का नाही दाखवलीस?

आजी : ती तरी कुठं सापडते? गाळात खूण काय राहते? पुन्हा हात केला. एकदा केला की मग दरसालचा झाला.

दिशा : मी शाळेत भूगोलाचा एक नकाशा अंदाजानं ठोकून दिला तेव्हा तू मम्मीला बोललीस, खोटं वागायचं वळण लागलं पोरीला.

आजी : बोलले. ते खरं बोलले.

दिशा : आणि कोणालाच कळलं नाही?

आजी : देवीलाही नसंल कळलं, नाय तर एखादं साल रागावली असती. उलट पोरांना नोकऱ्या लागल्या, लग्नं जमली. तुझ्या बापाचं दुकान त्याच सालांत चाललं. आता हसू नको. मी एक साल नाय गेली तर काय होईल सांगते. दुसरा कोणतरी हात करील. त्यालाही माहीत नसणार, तोही करील. मग पुढल्या साली आमची दोघांची बोटं दोन बाजूंना. चाळीस माणसं मधे उभी. मग कोणतरी विचारणार, खरी कुठली? ह्या वयात मला ते नाय सोसणार, दिशा.

दिशा : म्हणून नाही म्हणतेयस तू इटलीला.

आजी : म्हणून. मला काय बोटीत बसायची हौस नाय असं वाटतंय तुला? मस्कतला तीन महिने राहिले, समुद्र बघितला तो स्वैपाकघराच्या खिडकीतनं, तोही कपडे वाळत घातलेले असायचे त्यांच्या मधनं.

दिशा : कधी सांगितलं नाहीस.

आजी : कोणी विचारलं नाय. मस्कतवरनं आल्यावर सगळ्यांनी खजूर विचारले.

दिशा : ... ठीक आहे. नको जाऊ या. मी पप्पांना सांगते, आजीचे गुडघे दुखतात. तिकिटं देऊन टाका.

आजी : तू रडतेस?

दिशा : नाही. हा ठिपका पुसतेय. चारही पुसते. कोणाच्या हाती लागायला नकोत.

(विठू पडवीच्या पायऱ्या चढून येतो, काठी भिंतीला लावतो.)

विठू : चहा हाय का वैनी? नि ह्या पोरीला काय झालं? डोळे लाल.

दिशा : काही नाही विठूआजोबा. कांदा.

विठू : सोप्यात बसून कांदा?

आजी : विठूभावजी, बसा. एक विचारायचं होतं. समजा, नुसतं समजा, मी औंदा मंगळवारी नसले, तर तुमी दाखवाल का देवीची जागा? तुमी तिथलेच. जन्म तिथला. मी तर लग्न होऊन आले.

विठू : मी?

आजी : तुमीच. तुमी तर त्या रानात गुरं चारलीत. कोण शंका घेणार नाय.

विठू : नाय वैनी. मला नाय जमायचं.

आजी : आठवत नसंल, तर जरा...

विठू : तसं नाय. मला आठवतंय.

आजी : काय आठवतंय?

विठू : जागा. उंबर, विहीर, बारा पावलं. ती खालच्या अंगाला होती, ओहोळ नदीला मिळतो तिथं. तिथलं पाणी आता मेमधेही उतरत नाय. सोळा-सतरा सालं झाली. आपुन जिथं जातो ते वरचं शिवार. तिथं मी म्हशी बांधायचो.

दिशा : म्हणजे आम्ही म्हशींच्या गोठ्यात...

विठू : गोठा नाय गो, उघड्यावर बांधायचो. चांगली जागा होती.

आजी : तुमाला माहीत होतं?

विठू : पहिल्या सालापास्नं. तुमी हात केलात नि मी बोललो मनात, अरे, हिथं तर माझी काळी म्हैस व्याली होती.

आजी : सोळा सालं! सोळा सालं तुमी माझ्या पडवीत बसून रोज चहा पिताय. एक शब्द नाय? मे महिना लागला की मला घास गिळवत नाय. औंदा कोण विचारील, औंदा कोण बोलील. नि तुमी बशीत फुंकर मारत बसलेले!

विठू : तुमी पण नाय बोललात.

आजी : मी कशी बोलणार? माझं खोटं होतं!

विठू : नि माझं खरं होतं. त्याचं काय करणार होतो मी? बोललो असतो तर मग काय केलं असतं सगळ्यांनी? काठावर उभं राहून पाण्यात नारळ फेकायचा नि घरी यायचं. पाच मिनिटांचं काम. त्याला कल्याणवरनं कोण रजा टाकून येईल? माणसं उतरायला येतात, वैनी. पाय गाळात घालायला येतात. पोराला दाखवतात, हिथं माझ्या आज्याचं घर होतं. तेही साफ चुकीचं दाखवतात. सावंतांचा मोठा तर दरसाल आमच्या खळ्यावर उभा राहून स्वतःच्या ओटीचा फोटो काढतो.

दिशा : आणि तुम्ही काहीच बोलत नाही?

विठू : कोणाच्या ओटीवर कोणाला बसू द्यायचं नाय असं थोडंच हाय.

आजी : मग दाखवा ना तुमीच औंदा. तुमाला तर सगळंच माहीत.

विठू : म्हणूनच नाय जमणार. तुमाला माहीत नाय, म्हणून तुमचा हात कसा सरळ जातो. मी हात केला की तो आपसूक पाण्याकडे वळंल. तोंडावर दिसंल माझ्या. पण तुमी नसणार म्हणजे कुठं जाताय? आजारी बिजारी?

दिशा : इटलीला जायचं होतं आम्हाला. चार-पाच दिवस. पप्पांच्या कंपनीकडून. पण सव्वीसचा मंगळवार येतोय. आता नाही जात. रद्द.

विठू : इटली म्हंजे लांब?

दिशा : विमानानं आठ-नऊ तास. तिथे व्हेनिस म्हणून शहर आहे, पाण्यात.

विठू : पाण्यात म्हंजे? खाली?

दिशा : नाही, वर. अजून वर आहे.

विठू : मग बघून या की वैनी.

आजी : नि मंगळवार?

विठू : मंगळवार आपला हायेच. असं बघा, तुमी पंच्याहत्तरीला आलात, मी तुमच्या मागं दोन साल. आणखी किती सालं तुमी हात करणार? कधीतरी तो दुसऱ्याला करायचाच हाय. तुमी जिवंत असताना केलेला काय वाईट? निदान चुकला तर शिव्या घालायला तुमी असाल.

दिशा : म्हणजे तुम्ही दाखवाल, आजोबा?

विठू : करतो. पाण्याकडे पाठ करून उभा राहतो, मग वळणार नाय हात.

दिशा : आजी?

आजी : मला विचारू दे आधी. त्या व्हेनिसला पायऱ्या किती?

दिशा : पूल खूप आहेत. चारशे तरी असतील. पण सगळे चढायचे नाहीत. मी मोजून चारच ठेवलेत.

आजी : होडीत बसताना हात द्यायला माणूस असतो?

दिशा : असतो. पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घातलेला. आणि मी आहे.

आजी : नि तुझ्या त्या फळ्यांवरनं मला चालवायचं नाय.

दिशा : मेमध्ये सहसा पाणी चढत नाही. तसं काही नाही चालवणार. आजी, हो का?

आजी : लिही नाव. पण पासपोर्टात हाय तसंच लिही, नंतर म्हाताऱ्या बाईला विमानतळावर बाजूला बसवतील. नि जवळा थोडाच घेईन. एकच पिशवी.

दिशा : एकही नाही!

आजी : तू लिही तर. हां, नि ते ठिपके पुसलेस ना?

दिशा : पुसले. तीन पुसले, एक राहिलाय.

आजी : राहू दे मग एक. कुठला ते सांगू नको मला.

विठू : वैनी, एक राहिलं. उगाच नंतर फोन करायला नको तिकडं विमानात. मी उभा राहतो, पाण्याकडे पाठ करतो, सगळं ठीक. पण हात करायचा कुठं? सगळीकडं सारखंच दिसतं. कायतरी धरून करायला पाहिजे ना?

आजी : त्यात काय हाय. तुमच्या बायकोला, त्या लहानीला, आता गाळातनं पाय उचलवत नाय. काठापास्नं चालू लागली की थोडं जाऊन ती थांबते, नि कोणाला कळू नये म्हणून पदरानं तोंड पुसते. ती थांबली की तिथंच हात करायचा. चार सालं मी तेच करते.